जेवणाचे पैसे आधीच भरलेत, मग गिऱ्हाईक तुमच्याकडून काय नेईल?



गेल्या व्हिडिओत सहलीच्या पिशवीचा विषय मी पाच मिनिटांत उरकला होता. पण बुधवारी बदलापूरच्या बॅचमध्ये तिघांनी एकच प्रश्न विचारला, तेव्हा लक्षात आलं की हा विषय नीट लिहूनच द्यायला हवा. प्रश्न असा: "ताई, हल्ली लोक पॅकेज घेऊनच सहलीला जातात. नाश्ता, जेवण, संध्याकाळचा चहा, सगळं आत मिळतं. बाहेरचं खाणं गेटवर अडवतात. मग आमच्याकडून खाऊ कोण घेणार?"

प्रश्न बरोबर आहे. आपल्या पट्ट्यातले लोक सुट्टीत जातात कुठे, बघा. बदलापूरच्या पुढे वांगणी, नेरळ, कर्जतची फार्महाऊस. खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका, जे २०१३ साली सुरू झालं. ठाण्याकडची, भिवंडीकडची वॉटर पार्क. आपण लहान असताना गोराईचं एस्सेलवर्ल्ड होतं, ते १९८९ चं. तेव्हाही आई डबा बांधायची आणि बाबा म्हणायचे, "आत नेऊ देतील का गं?" म्हणजे हा पेच आजचा नाही. फरक एवढाच की आता जेवणाचे पैसे बुकिंगच्या वेळीच भरलेले असतात.

मी स्वतः या विषयात मार खाल्लाय. आधी ते सांगते, मग हिशोब.

अकरा पिशव्या आणि चार घरं

२०१९ चा मे महिना. अंबरनाथ पूर्वेला माझं किराणा-फरसाणचं दुकान तेव्हा तिसऱ्या वर्षात होतं. जवळच्या सोसायटीतली अकरा कुटुंबं बस करून एका वॉटर पार्कला निघाली होती. त्यातल्या एक काकू माझ्या कायमच्या गिऱ्हाईक, महिन्याची यादी माझ्याकडेच असायची. म्हणाल्या, "सगळ्यांसाठी खाऊच्या पिशव्या बनवून दे."

मी खूश. प्रत्येक पिशवी ४८० रुपयांची. मोठं फरसाण, वेफर्स, केक, चॉकलेटं, दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली. ११ पिशव्या, ५,२८० रुपये. मार्जिन साधारण ९५० रुपये सुटलं. रविवारच्या आत माल उचलला गेला, पैसे रोख.

सोमवारी संध्याकाळी काकू आल्या. हातात दोन पिशव्या, तशाच्या तशा. आवाज चढवला नाही. फक्त म्हणाल्या, "अगं, आत काही नेऊ देत नाहीत हे तुला माहीत नव्हतं का?"

झालं असं होतं की गेटवर सगळ्या पिशव्या परत बसमध्ये ठेवायला लागल्या. बस दिवसभर उन्हात. चॉकलेटं वितळली, केक घामेजला, कोल्ड्रिंक चहासारखं गरम. आत जेवण पॅकेजमध्ये होतंच, ते सगळ्यांनी पोटभर जेवलं. परतीच्या वाटेवर कोणाला तेलकट फरसाण नको होतं.

आता खरं सांगते. मला अंदाज होता. नक्की माहीत नव्हतं, पण अंदाज होता. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ऑर्डर अर्धी झाली असती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, आज तुम्हाला सांगतेय. कारण आपल्यापैकी पुष्कळ जण काउंटरवर हीच चूक करतात. गिऱ्हाईक मागतंय ना, मग द्या.

मी अर्धे पैसे परत केले, २,६४० रुपये. काकू पुढेही येत राहिल्या. पण अकरापैकी चार घरांची महिन्याची यादी माझ्याकडे यायची बंद झाली. एका घराची यादी साधारण ३,००० ची धरा. म्हणजे महिन्याला १२,००० ची विक्री गेली, त्यातलं माझं मार्जिन साधारण १,३०० रुपये. एका रविवारच्या ९५० साठी दर महिन्याचे १,३०० घालवले. दुकानाचं भाडं भरताना तो आकडा मला कितीतरी महिने आठवत होता.

मग मी स्वतः वही घेऊन गेले

त्याच दिवाळीच्या सुट्टीत नवरा, सासूबाई, माझा मुलगा आणि भाची असे आम्ही जेवणासकटचं पॅकेज घेऊन एका पार्कला गेलो. मी पर्समध्ये छोटी वही ठेवली. कोणाला कधी भूक लागली, एवढंच लिहायचं. नवरा हसत होता. वहीत जे उतरलं ते असं:

सकाळी ५.४० ला घरातून निघालो. ६.५० ला पहिलं "आई, भूक लागली". गेट उघडायला अजून खूप वेळ होता.

दुपारी १२.४५ ला जेवणाची रांग. मुलं पाण्यातून ओढून आणलेली. मुलाने दोन घास भात आणि दोन गुलाबजाम खाल्ले, की चालला परत. सासूबाईंना तिखट चाललं नाही, त्यांनी दहीभात खाल्ला.

४.१५ ला मुलांना कडकडून भूक. आत स्टॉलवरून घेतलं. महाग पडलं, पण घेतलं.

६.०० ला बाहेर. ७.१० ला गाडीत सगळ्यांना एकदम भूक, मोठ्यांनासुद्धा. रस्त्यावर ट्रॅफिक, थांबायला कोणी तयार नाही.

९.३० ला घरी. कोणालाच स्वयंपाक करायचा नाही आणि बाहेरचं खायचीही इच्छा नाही.

वही बघितली आणि डोक्यात प्रकाश पडला. पॅकेजमध्ये जेवण विकलेलं असतं. भूक काही जेवणाच्या वेळेतच लागते असं नाही.

चार भुका, त्यातल्या तीन तुमच्या

पहिली जाण्याची भूक. बस पहाटे सुटते, आतला नाश्ता नऊ-दहाला. मधले तीन-चार तास कोणाच्याच पॅकेजमध्ये नसतात. इथे हलकं, कोरडं, हात न माखणारं लागतं. घाटात मुलांना मळमळतं, म्हणून आलेपाक किंवा आवळा सुपारी.

दुसरी आतली भूक. ही पार्कची. तिच्यावर आपण हक्क सांगायचा नाही. गिऱ्हाईकाला "लपवून न्या हो, कोण बघतंय" असं तर कधीच म्हणायचं नाही. गेटवर चारचौघांत बॅग उघडायला लागते तेव्हा माणसाला लाज वाटते, आणि ती लाज तुमच्या दुकानाच्या नावावर जमा होते.

तिसरी परतीची भूक. सगळ्यात मोठी. दिवसभर पाण्यात आणि उन्हात राहून मीठ-मिरचीचं खावंसं वाटतं. पण माल दिवसभर बसमध्ये उन्हात टिकलेला असला पाहिजे.

चौथी घरी पोचल्यावरची भूक. हिच्याकडे कोणी बघतच नाही. अर्धा किलो तांदूळ, पाव किलो मुगाची डाळ आणि पापडाचं छोटं पाकीट, एवढंच एकत्र बांधून द्या. "रात्री आल्यावर खिचडी टाका काकू, बाकी काही करू नका." आमच्याकडे पापड उल्हासनगर कॅम्पातून येतो. सिंधी घरांमधला पापड भाजला की खिचडीला दुसरं काही लागत नाही, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पार्क बाहेरचं का अडवतं, हे समजून घ्या

गिऱ्हाईक चिडून म्हणतं, "लुटतात हो." आपण धंदेवाले आहोत, आपण दोन्ही बाजू बघायच्या.

पार्कचं उत्पन्न नुसतं तिकिटाचं नसतं, खाण्याचंही असतं. पाण्याच्या तलावात वेफर्सचं पाकीट गेलं की फिल्टरला त्रास. बाहेरचं खाऊन कोणाला बाधलं तरी नाव पार्कचं. आणि आधी पैसे भरलेलं जेवण म्हणजे स्वयंपाकघराला सकाळीच कळतं की आज किती ताटं. तेवढंच शिजतं, वाया कमी जातं, पैसे आधी हातात. ही शेवटची गोष्ट आपणही उचलू शकतो. पुढे सांगते.

"पण हे बेकायदेशीर आहे ना?" असं कोणी विचारलं तर ठोकून देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ चा निकाल सिनेमागृहांबद्दल आहे, पार्कबद्दल नाही. त्यात म्हटलं की सिनेमागृह ही खाजगी जागा आहे, बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही हे मालक ठरवू शकतो. पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायला हवं, आणि तान्ह्या मुलांसाठी पालकांनी आणलेलं माफक खाणं अडवू नये. म्हणून गिऱ्हाईकाला एवढंच सांगा: बाळाचं खाणं, औषधं, पथ्याचं काही असेल तर आधी फोन करून पार्कला विचारा, आणि मिळालेलं उत्तर मेसेजवर घ्या.

जगात सगळीकडे एकच नियम नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये बाहेरचा खाऊ आत नेता येतो, काचेच्या बाटल्या वगैरे सोडून. आणि तिथेच जेवणाचे पैसे आधी भरायची योजनाही आहे. ती २०२० मध्ये बंद पडली होती, जानेवारी २०२४ पासून परत सुरू झाली. म्हणजे दोन्ही एकाच वेळी चालतं! लोक जेवणाचं पॅकेज घेतात आणि हॉटेलच्या खोलीवर किराणाही मागवतात: दूध, केळी, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. उलट शांघायच्या डिस्नेलँडमध्ये बाहेरचं खाणं बंद होतं. एका विद्यार्थिनीच्या पिशवीतला खाऊ अडवला, तिने खटला भरला, आणि २०१९ मध्ये पार्कने स्वतःच्या खाण्यापुरतं आत नेऊ द्यायचं ठरवलं.

यातून आपण काय घ्यायचं? नियम कुठलाही असो, जेवणाचे पैसे भरलेलं कुटुंबसुद्धा खाऊ विकत घेतं. फक्त तो खाऊ जेवणाच्या जागी नको, मधल्या वेळेला हवा.

आता पिशवीचा हिशोब

माझी आजची "परतीची पिशवी" चार माणसांची आहे. वही काढा.

• भडंग, २०० ग्रॅमचं सीलबंद पाकीट: खरेदी ३६, विक्री ५०
• खाकरा: खरेदी ४८, विक्री ६०
• शेंगदाण्याची चिक्की: खरेदी ३०, विक्री ४०
• खारे शेंगदाणे-फुटाणे: खरेदी २४, विक्री ३५
• बिस्किटचे दोन पुडे: खरेदी १८, विक्री २०
• आलेपाक: खरेदी १५, विक्री २०
• कागदी पिशवी आणि कागदी रुमाल: खर्च ९

खर्च एकूण १८० रुपये. विक्री २२५. हातात ४५ रुपये, म्हणजे विक्रीच्या २० टक्के. नुसती बिस्किटं विकून तुम्हाला एवढं कधी सुटतं का?

आणि बघा, मी यात एक रुपयाचीही सूट दिलेली नाही. पिशवी, रुमाल आणि डोक्याचा ताप वाचवणं, हीच गिऱ्हाईकाला दिलेली सूट. तसंच छापील किमतींच्या बेरजेपेक्षा एक रुपया जास्तही घेतलेला नाही, कारण एमआरपीच्या वर विकता येत नाही. "पॅकिंगचे दहा रुपये" असलं काही लावू नका.

सगळी पाकिटं सीलबंदच का? तीस पिशव्या बांधल्या आणि चार उरल्या, तर त्या सोडून माल परत फळीवर लावता येतो. नुकसान शून्य. सुटं फरसाण बांधून ठेवलं असतं तर ते मऊ पडून घरच्यांनाच खावं लागलं असतं. माझ्या घरच्यांनी खाल्लंय, विचारा त्यांना.

तीन कायदेशीर गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही

एक, बिल सुटं करा. हे नीट वाचा. वेगवेगळ्या वस्तू एकत्र बांधून "पिशवी २२५ रुपये" अशी एकच किंमत लावली, तर जीएसटी कायद्यात ती मिश्र पुरवठा धरली जाते. मग आतल्या ज्या वस्तूवर सगळ्यात जास्त दर, तोच सगळ्या पिशवीला लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नमकीन आणि बिस्किटं ५ टक्क्यांवर आली, खाकऱ्यावर शून्य आहे, पण गॅसवाल्या गोड कोल्ड्रिंकवर ४० टक्के. म्हणजे एक बाटली आत टाकून एकच किंमत लावली, की खाकऱ्यालाही ४० टक्के! म्हणून प्रत्येक वस्तू बिलावर वेगळी, तिच्या किमतीने. पिशवी ही फक्त बांधायची पद्धत. तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर बिलावर कर लावायचाच नसतो, तरी वस्तू सुट्या लिहायची सवय चांगली. शंका असेल तर आपल्या सीएंना विचारा.

दोन, सुटा माल स्वतः पॅक करणार असाल तर नुसतं पाकीट आणि रबर चालत नाही. पदार्थाचं नाव, घटक, हिरवी शाकाहारी खूण, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, किती दिवसांत खायचं, एमआरपी, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीचा फोन नंबर आणि एफएसएसएआयचा नंबर, हे सगळं लेबलवर हवं. वैधमापनवाल्यांकडे पॅकर म्हणून नोंदणीही लागते. तेवढी तयारी नसेल तोवर कंपनीचं सीलबंदच घ्या.

तीन, प्लास्टिकची पिशवी नको. महाराष्ट्रात जून २०१८ पासून बंदीची अंमलबजावणी आहे, आणि सहलीच्या ठिकाणी तर लोकांच्या डोळ्यांत लगेच येते. कागदी द्या. जमलं तर सुती पिशवी द्या, दुकानाचं नाव छापून. ती पुढच्या महिन्यात यादीसोबत परत येते.

काउंटरवर काय बोलायचं

गिऱ्हाईक म्हणालं की "रविवारी सहलीला चाललोय", तर लगेच माल काढायला धावू नका. आधी चार प्रश्न.

"पॅकेजमध्ये काय काय आहे? नाश्ता आहे का, चहा आहे का?"

"बाहेरचं आत नेऊ देतात का? विचारलंय का?"

"बस किती वाजता सुटते आणि घरी किती वाजता येणार?"

"कोणाचा उपास, कोणी जैन, कोणाला शुगर?"

तिसऱ्या प्रश्नावरून पिशव्या किती लागतील ते कळतं. चौथ्यावरून आत काय टाकायचं ते. पॅकेजच्या जेवणात सगळ्यात गैरसोय या चौथ्या मंडळींची होते. संकष्टी, एकादशी किंवा श्रावणी सोमवार सुट्टीला जोडून आला की उपासवाल्यांसाठी राजगिऱ्याची वडी आणि साबुदाण्याचा चिवडा वेगळ्या पिशवीत, वर नाव लिहून. जैन गिऱ्हाईकाच्या पिशवीत बटाट्याचं काही नको.

आणि शेवटी हे वाक्य बोलायचंच: "दुपारचं जेवण तुम्ही भरलंय, त्यामुळे जेवणाचं काही नेऊ नका. वाया जाईल."

हे वाक्य बोलताना जीभ अडखळते, मला माहीत आहे. पहिल्यांदा मी बोलले तेव्हा समोरची बाई १,२०० च्या सामानावरून ४०० वर आली. माझ्या पोटात गोळा आला होता. पण सोमवारी तिने फोन केला. परतीच्या बसमध्ये तिच्या भडंगावर सगळी बस तुटून पडली होती, आणि ऑफिसच्या सहलीसाठी तिला पंधरा पिशव्या हव्या होत्या. प्रत्येक वेळी असं होतं असं नाही. कधी कधी ४०० वरच राहतं. पण परत आलेली पिशवी मात्र मी त्यानंतर एकही बघितलेली नाही.

वेळेचं गणित

सहलीची बस तुमचं शटर उघडायच्या आधी सुटते. म्हणून पिशवी आदल्या रात्रीच गेली पाहिजे. आमच्याकडे नियम साधा आहे: रविवारच्या सहलीची ऑर्डर शुक्रवार रात्रीपर्यंत, पैसे ऑर्डरबरोबर, माल शनिवारी संध्याकाळी ७ ते ९ मध्ये घेऊन जायचा. पार्क जसं ताटं आधी मोजून पैसे घेतं, तसंच हे. ऐनवेळी येणाऱ्यांसाठी चार-पाच पिशव्या जास्तीच्या, त्याहून नको.

वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावा. मे महिना आणि दिवाळीची सुट्टी तर आहेच. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली. पावसाळ्यात वांगणी-नेरळ-कर्जतकडच्या फार्महाऊसचे शनिवार-रविवार. पावसाळ्यात खाकरा-भडंग सादळतं, तेव्हा मोठ्या पाकिटाऐवजी दोन छोटी द्या.

काय टाकायचं नाही

चॉकलेट, क्रीमचं काहीही, ताक-लस्सी, ओली चटणी: बसमधल्या उन्हात टिकत नाही. काचेची बाटली: गेटवर हमखास अडते. मोठी कोल्ड्रिंकची बाटली: जीएसटीचं वर सांगितलं, आणि मुलांना परतीला उलटी होते ते वेगळं. एवढं मोठं फरसाणचं पाकीट की एकदा फोडलं की संपत नाही: ते सीटखाली सांडतं आणि ड्रायव्हरच्या शिव्या खाव्या लागतात.

कर्जतमार्गे रेल्वेने जाणाऱ्यांना तर मी अजून कमी देते. कर्जत स्टेशनला उतरून दिवाडकरांचा वडा न खाता खोपोलीची लोकल पकडणारा माणूस मला अजून भेटायचाय. तिथे आपण कशाला आडवे यायचं?

घरगुती बनवणाऱ्या ताईंसाठी

आपल्या तीन गावांत प्रवासाच्या खाण्याची काय श्रीमंती आहे बघा. सिंधी घरात प्रवासाला कोकी असतेच, कांदा-मिरची घालून जाड लाटलेली, दोनदा भाजलेली. मराठी घरात दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या. गुजराती घरात थेपले. हे सगळे पदार्थ मुळात "वाटेत काही मिळणार नाही" या हिशोबानेच जन्माला आलेत.

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या आमच्या बॅचच्या एक ताई शनिवारी फक्त कोकीची ऑर्डर घेतात. त्यांनीही आधी दुपारच्या जेवणासाठी म्हणून भाजीसकट विकून बघितलं, गेलं नाही. आता "जाण्याची भूक" धरून नुसती कोकी आणि सुकं लोणचं देतात, पहाटे बसमध्ये खायला. त्यांना मी एवढंच सांगितलं की एफएसएसएआयची नोंदणी आधी करा, मग व्हॉट्सॲपवर फोटो टाका. उलट क्रमाने नको.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या दुकानापासून लोक जातात अशा पाच ठिकाणांची यादी करा. प्रत्येकाला फोन करून विचारा: पॅकेजमध्ये काय, बाहेरचं चालतं का, बाळाच्या खाण्याचं काय. उत्तरं काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. तारीख घाला, कारण नियम बदलतात. मोसमाच्या सुरुवातीला परत फोन करा.

२. दहाच पिशव्या बांधा. दहाच. वर दिलेल्या तक्त्यात तुमची खरेदी किंमत घाला. १५ टक्क्यांच्या खाली मार्जिन येत असेल तर बिस्किटं कमी करा, भडंग-चिक्की वाढवा.

३. सोमवारी प्रत्येक गिऱ्हाईकाला एक मेसेज: "पिशवीतलं काय उरलं?" काय आवडलं हे विचारू नका, सगळे चांगलंच सांगतात. उरलं काय, ते विचारा. जे दोनदा उरलं ते पिशवीतून बाहेर.

त्या अकरा पिशव्यांनंतर सोडून गेलेल्या चार घरांपैकी एक घर गेल्या वर्षी परत आलं. त्यांची सून आली होती, कर्जतला एका दिवसाच्या पॅकेजवर चालले होते. मी नेहमीचे चार प्रश्न विचारले, शेवटचं वाक्य बोलले, आणि २२५ ची एक पिशवी आणि खिचडीचं एक पाकीट दिलं. पुढच्या महिन्यात तीच सून यादी घेऊन आली. सासूने पाठवलं होतं का, ते मी विचारलं नाही.

चला, दहा पिशव्या बांधा, आणि काय उरलं ते मला बुधवारी सांगा.